400 वॉटचा सोडियम दिवा रोपांसाठी घरात बसवायचाय, पण तो मध्येच विझतो

मातीचे_हात

नमस्कार मंडळी,

घरातल्या एका खोलीचा कोपरा मी रोपांसाठी मोकळा केलाय. खिडकी आहे, पण लहान. तिच्यातून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. टोमॅटो आणि मिरचीची रोपं मी तिथेच बियांपासून करते आणि दर वेळी तेच होतं. अंकुर छान येतात, मग देठ खिडकीकडे लांबत जातात, बारीक पडतात आणि धड चार पानं यायच्या आत रोप आडवं होतं.

आता एका ओळखीच्यांनी त्यांच्याकडचा 400 वॉटचा हाय प्रेशर सोडियम दिव्याचा सगळा संच मला दिलाय. पत्र्याच्या पेटीत चोक, इग्निटर आणि कॅपॅसिटर, चिनी मातीचा मोठा होल्डर, ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर आणि बल्ब. जमिनीवर ठेवून लावून पाहिला. आधी फिकट गुलाबीसर, मग गडद पिवळा आणि पाचेक मिनिटांत सोनेरी लख्ख. घरात एवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता. पण अर्धा-पाऊण तास झाला की दिवा आपोआप विझतो. काही मिनिटं काळोख, मग आपोआप लागतो, पुन्हा विझतो. चोक गेला असेल का?

दुसरं म्हणजे हा दिवा टांगायचा किती उंचीवर, चालू किती तास ठेवायचा? कोपरा साधारण 1.2 मीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे, छत 2.4 मीटरवर. वायरिंग जाणकाराकडूनच करून घेणार आहे, पण त्याला काय सांगायचं आणि झालेलं काम कसं तपासायचं हे मला कळायला हवं. रोपं वाचावीत एवढीच इच्छा आहे, आणि घरही सुरक्षित राहावं.

दिवाबत्ती

ताई, चोकवर संशय घेऊ नका. चोक गेला असता तर बल्ब लागलाच नसता, किंवा आत शॉर्ट झाला असता तर बल्ब भलताच प्रखर होऊन लगेच संपला असता. तुम्ही लिहिलंय ते लक्षण म्हातारा झालेल्या बल्बचं आहे. हेच दिवे लावण्यात, उतरवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली, आधी मैदानांवरचे आणि नंतर हरितगृहांतले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बल्बच्या मोठ्या काचेच्या आत जी दुधी रंगाची बारीक नळी दिसते, खरा दिवा तोच. ती काचेची नसते. तापलेली सोडियमची वाफ क्वार्ट्झ खाऊन टाकते, म्हणून ती नळी ॲल्युमिनाची करतात. आत सोडियम, पारा आणि सुरुवातीच्या ठिणगीसाठी झेनॉन वायू. नव्या 400 वॉटच्या बल्बला पेटतं राहायला साधारण 100 व्होल्ट लागतात. बल्ब जुना होतो तसा हा आकडा चढत जातो. मग एक वेळ अशी येते की पूर्ण तापल्यावर बल्ब जेवढे व्होल्ट मागतो तेवढे चोकमधून मिळत नाहीत. आर्क, म्हणजे नळीतल्या वायूतून वाहणारा विजेचा पेटता झोत, तुटतो आणि दिवा विझतो. बल्ब गार झाला की नळीतला दाब उतरतो, इग्निटरचा झटका पुन्हा पुरेसा होतो आणि दिवा लागतो. तापला की परत तेच. रस्त्यावरचा एखादा पिवळा दिवा रात्रभर असा लागतो-विझतो, ते तुम्ही पाहिलं असेल.

बल्ब पूर्ण गार असताना काढून उजेडात धरा आणि आतल्या नळीची दोन्ही टोकं बघा. काळी पडली असतील तर नवा बल्ब आणा, चर्चा नको. टोकं स्वच्छ असतील तर मात्र दोन जागा तपासा. एक, होल्डरच्या तळाची पत्ती. ती दबलेली किंवा जळकी असेल तर तापल्यावर संपर्क सुटतो. दुसरं, रिफ्लेक्टर बल्बच्या फार जवळ असेल आणि उष्णता परत नळीवरच पडत असेल तरी बल्बचं व्होल्टेज चढतं. जमिनीवर ठेवून लावलात, तिथे हेही होऊ शकतं.

हे सगळं प्लग काढून करायचं. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरच्या टोकांना हात लावू नका, त्यात चार्ज राहिलेला असू शकतो. आणि हात जोडून सांगतो, दिवा पेटत असताना किंवा पेटायचा प्रयत्न करत असताना कुणालाही होल्डरवर मल्टिमीटर लावू देऊ नका. इग्निटरचे झटके काही हजार व्होल्टचे असतात. मीटर तर जातोच, माणसालाही धोका असतो.

चोक का लागतो तेही समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. या दिव्यात तार नाही, पेटलेला वायू आहे. त्यातून जितका जास्त करंट जाईल तितका त्याचा विरोध कमी होतो, म्हणजे करंट आणखी वाढतो. उतारावर सुटलेल्या गाडीला ब्रेक लागतो तसा इथे चोक लागतो. म्हणून बल्ब आणि चोक ही जोडी एकाच वॉटची आणि एकाच जातीची हवी. चोकच्या पट्टीवर 400 आणि हाय प्रेशर सोडियम असं लिहिलंय का, ते आधी वाचा. 250 च्या चोकवर 400 चा बल्ब किंवा उलट, असलं काही करू नये.

आता जाणकाराला काय सांगायचं ते. फेज आधी चोकमध्ये, तिथून इग्निटर, तिथून होल्डरच्या मधल्या टोकाला. न्यूट्रल होल्डरच्या आट्यांना. हे उलटं झालं तर काही हजार व्होल्टचा झटका बल्बच्या बाहेरच्या पितळी आट्यांवर येतो, म्हणून एवढं स्वतः विचारून खात्री करा. कॅपॅसिटर चोकच्या अलीकडे, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. तो लावायचा कंटाळा करू नये. 230 व्होल्टचा पुरवठा असेल तर कॅपॅसिटरसह हा संच दोन अँपिअरच्या थोडं वर घेतो, त्याच्याशिवाय साडेचारच्या आसपास. इग्निटर तीन तारांचा असेल तर तो होल्डरच्या जवळच ठेवतात, कारण लांब केबलमध्ये झटका विरून जातो. किती मीटर चालेल ते इग्निटरवरच छापलेलं असतं.

होल्डरला जोडणारी शेवटची हातभर वायर साधी पीव्हीसीची नको. तिथे सिलिकॉनची किंवा फायबरग्लास स्लीव्ह घातलेली लागते. साधी वायर काही महिन्यांत कडक होते आणि वाकवली की आवरण तुकड्यातुकड्यांनी गळतं. पत्र्याची पेटी आणि रिफ्लेक्टर, दोन्हींना अर्थिंग. एकाला केलं म्हणून दुसऱ्याचं सोडायचं नाही. आणि या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, कारण खाली तुम्ही पाणी घालणार आहात.

पेटी जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर, गुडघ्याच्या वर, मागे हवा खेळेल इतकी जागा सोडून, आणि शक्यतो रोपांच्या कोपऱ्याबाहेर. चोकवर टीडब्ल्यू 130 असं काहीसं छापलेलं दिसेल. त्याच्या आतली तार 130 अंश सेल्सिअसपर्यंत तापेल असं धरूनच तो बनवलेला असतो, तेव्हा पडदे, पुठ्ठे, प्लास्टिकच्या कुंड्या त्याच्या आसपास नकोत. दिव्याकडे जाणारी केबल होल्डरच्या खाली एक झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे चुकून पाणी ओघळलंच तर झोळाच्या तळाशी गळून पडेल, होल्डरमध्ये शिरणार नाही.

टांगायला छताच्या काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर आणि साखळी. फॉल्स सीलिंगच्या पट्टीला अडकवू नका. साखळी अशासाठी की कडी बदलून उंची कमी-जास्त करता येते. आणि नायलॉनची दोरी या दिव्याजवळ मी कधीच वापरू देत नाही.

उंची किती आणि तास किती, ते इथले झाडांचे जाणकार सांगतील. माझं काम दिवा सुरक्षित लावून देण्यापर्यंत.

उजेडवेडा

मातीचे_हात, तुमचा उत्साह कळतो, पण एकदा हिशोब करा. नव्या 400 वॉटच्या सोडियम बल्बमधून झाडांच्या उपयोगाचा प्रकाश सेकंदाला साधारण 600 मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं माप) निघतो, आणि चोकसकट तो 450 वॉटच्या आसपास खातो. म्हणजे एका जूल विजेला (एक वॉट, एक सेकंद) 1.3 मायक्रोमोलच्या आसपास. आजचे चांगले एलईडी अडीच आणि त्याच्याही पुढे आहेत. तोच उजेड जवळपास निम्म्या विजेत, उष्णता निम्मी, इग्निटरची भानगड नाही, पाच मिनिटं थांबणं नाही. बल्ब बदलावाच लागणार असेल तर ते पैसे तिकडेच का घालू नयेत?

दिवाबत्ती

उजेडवेडा, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि नवीन सगळं विकत घ्यायचं असेल तर मीही एलईडीच सांगेन. पण ताईंकडे पेटी, होल्डर, रिफ्लेक्टर सगळं धड आहे, एक बल्ब घातला की हंगाम निघतो. खोली थंड असेल तर ही उष्णता रोपांना उपयोगीच पडते. शिवाय बाजारात एलईडीच्या नावाखाली जे 1000 वॉट छापून विकतात, त्यातले पुष्कळसे भिंतीवरच्या प्लगमधून 100-150 वॉटच घेतात. खोक्यावरच्या वॉटला भुलायचं नाही, पानावर किती पडतं ते बघायचं. हे सोडियमलाही लागू आहे आणि एलईडीलाही.

रोपवाटिका

पानावर किती पडतं, इथूनच सुरुवात करू या. वर उजेडवेडांनी दिलेले 600 मायक्रोमोल धरून चला. कोपरा 1.2 बाय 1.2 म्हणजे 1.44 चौरस मीटर. सगळाच्या सगळा प्रकाश रोपांवर पडला असता तर चौरस मीटरला 420 च्या आसपास मिळाले असते. पण काही रिफ्लेक्टर खातो, काही भिंतींवर जातो. सत्तर टक्के पोहोचला तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे हातात उरतात 300 च्या आत-बाहेर.

आता झाडाला दिवसभरात एकूण किती मिळालं ते बघायचं. 300 गुणिले 3600 सेकंद गुणिले 16 तास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 17 मोल (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). लहान रोपांना आणि पालेभाज्यांना हे भरपूर झालं. टोमॅटोला फळं धरायची असतील तर 20 ते 30 मोल लागतात. म्हणून माझं मत असं की रोपं लहान असेपर्यंत सगळा कोपरा वापरा आणि पुढे फळांसाठी ठेवायची ती मोजकी झाडं दिव्याखालच्या एक मीटर बाय एक मीटरमध्ये आणा. तेवढ्या जागेत 16 तासांत 24 मोलपर्यंत जाता येतं. पसारा वाढवून सगळ्यांनाच अर्धपोटी ठेवण्यापेक्षा हे बरं.

मोजायला लक्समीटर चालतो. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, झाडाचं नाही, पण सोडियमच्या उजेडात लक्सला 82 ने भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो. म्हणजे रोपांच्या शेंड्यापाशी 25,000 लक्स दिसले की 300 झाले. लख्ख उन्हात हा आकडा एक लाखाच्या घरात असतो. तुमच्या खिडकीपाशी एकदा मोजून बघा, देठ का लांबत होते ते लगेच कळेल. उन्हाचं माप करताना मात्र 54 ने भागायचं, 82 ने नाही.

मीटर मधोमध लावून समाधान मानू नका. चारही कोपरे मोजा. मध्ये 40,000 आणि कोपऱ्यात 10,000 असं निघालं तर दिवा फार खाली आहे. थोडा वर घेतला की मधला आकडा पडतो आणि कडा सुधारतात. भिंती पांढऱ्या असतील तर उत्तम, साधा मॅट पांढरा रंग पुष्कळ प्रकाश परत पाठवतो. चुरगळलेली ॲल्युमिनियमची फॉइल लावू नका. तिच्यामुळे उजेड सारखा पसरत नाही, शिवाय वायरिंगजवळ धातूचा पत्रा लोंबत ठेवणं दिवाबत्तींना आवडणार नाही.

उंचीचं म्हणाल तर सुरुवात रोपांच्या शेंड्यापासून 75-80 सेंटीमीटरवर करा आणि आठवडाभरात हळूहळू 45-50 पर्यंत आणा. खिडकीपाशी वाढलेलं पान मऊ असतं, त्याला एकदम भडिमार झेपत नाही. हाताचा मागचा भाग शेंड्याच्या पातळीला अर्धा मिनिट धरा. हाताला चटका वाटला तर पानालाही वाटतोय. जास्त झाल्याची खूण अशी की सगळ्यात वरची पानं कडांनी वर वळतात, होडीसारखी दिसतात आणि मधला भाग फिक्कट होतो. खालची पानं पिवळी पडत असतील तर तो प्रश्न बहुधा खताचा किंवा पाण्याचा असतो, दिव्याचा नाही.

आणि हे पिवळं-हिरवं बघायचं तेव्हा दिवा बंद करून साध्या पांढऱ्या उजेडात बघा. सोडियमच्या उजेडात डोळा साफ फसतो. निरोगी हिरवं पान तिथे राखाडी-तपकिरी दिसतं, आणि पिवळं पडू लागलेलं पान जवळपास तसंच. पानाच्या मागच्या बाजूचे कोळी किडीचे बारीक ठिपके तर अजिबात दिसत नाहीत. मी रोज सकाळी दिवा लागण्याआधी विजेरी घेऊन पानं उलटून बघते. रोपांची सगळ्यात जास्त माहिती मला त्या वेळात मिळते.

सोडियमची एक खरी उणीव म्हणजे निळा प्रकाश फार कमी, थोडेच टक्के. निळा कमी पडला की देठ लांबतो, आणि तुमचं मूळ दुखणं तेच आहे. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत सोडियमच्या जोडीला बाजूने एक-दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब लावा, कूल व्हाइट, 6500 केल्विनच्या. त्यांची ताकद थोडीच असते, पण रोप बुटकं आणि भक्कम राहायला मदत होते. एक लहान पंखाही हलका फिरता ठेवा. वाऱ्याने हललेला देठ जाड होतो, हे अनेक झाडांवर पाहिलेलं आहे.

टोमॅटोला 24 तास उजेड कधीही देऊ नका. त्याच्या पानांवर पिवळे डाग पडतात आणि पान मरतं, त्याला अंधार लागतोच. मी 16 तासांवर जात नाही.

मातीचे_हात

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! मी वाचून-वाचून वहीत उतरवून घेतलंय.

बल्ब काढून बघितला. नळीचं एक टोक चांगलंच काळं आहे, दुसरं करडं. चोकवर 400 आणि सोडियमच लिहिलंय. खिडकीपाशी भर दुपारी लक्स मोजले तर जेमतेम 1,800 भरले. इतकी वर्षं मी तेवढ्यात टोमॅटो वाढवायला बघत होते.

आणखी तीन शंका. त्या ओळखीच्यांकडे 400 वॉटचा एक मेटल हॅलाइड बल्बही पडून आहे. त्यात निळा जास्त असतो असं वाचलं. रोपं लहान असेपर्यंत तो याच होल्डरमध्ये लावला तर? दुसरं, रोज हाताने लावणं-विझवणं जमणार नाही, टायमर कोणता घेऊ? आणि तिसरं, दिवा तासभर चालला तर खोली तापते. दार बंद ठेवावं लागतं, कारण मांजर रोपं खाते.

दिवाबत्ती

मेटल हॅलाइड लावू नका. आटे सारखे आहेत म्हणून बल्ब बसेल, पण बसतो म्हणजे चालतो असं नाही. सोडियमच्या चोकमधून त्याला जास्त करंट जाऊ शकतो. त्याची आतली नळी क्वार्ट्झची असते, आत प्रचंड दाब असतो, आणि ती फुटली तर तापलेले तुकडे बाहेरची काच फोडून खाली येऊ शकतात. उघड्या रिफ्लेक्टरमध्ये तर फक्त त्यासाठीच बनवलेले, आतून कवच असलेले बल्ब चालतात. सोडियमच्या चोकवर चालणारे मेटल हॅलाइड मिळतात, पण तसं त्यांच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. खोकं नाही, माहिती नाही, तर तो बल्ब तसाच ठेवा. आणि कुठेही मेटल हॅलाइड वापरलात आणि त्याची बाहेरची काच तडकलेली दिसली, तर तो चालत असला तरी त्याच क्षणी बंद करा. बाहेरची काच अतिनील किरण अडवते. ती गेली की डोळ्यांना आणि कातडीला इजा होते, आणि ते काही तासांनी कळतं. निळ्यासाठी रोपवाटिकांनी सांगितलेल्या ट्यूबच बऱ्या.

टायमरबद्दल विचारलंत ते फार बरं झालं. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायच्या टायमरवर 16 अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी. इथे चोक आहे आणि कॅपॅसिटर आहे. चालू होताना क्षणभर मोठा करंट धावतो, आणि टायमरमधले इवलेसे संपर्क काही दिवसांत एकमेकांना चिकटून बसतात. चिकटले की दिवा विझतच नाही. वर रोपवाटिकांनी टोमॅटोच्या 24 तास उजेडाचं लिहिलंय, ते असं न ठरवताच घडतं. म्हणून टायमरने कॉन्टॅक्टरची, म्हणजे जाड संपर्कांच्या विजेवर चालणाऱ्या स्विचची, कॉइल चालवायची आणि दिव्याचा लोड कॉन्टॅक्टरवर घ्यायचा. तुमच्या जाणकाराला एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरे. टायमर डिजिटल आणि आत बॅटरी असलेला घ्या. चकती फिरणारा टायमर वीज गेली की थांबतो, आणि मग तुमची सकाळ रोज थोडी पुढे सरकते.

वीज जाऊन लगेच आली तर दिवा लगेच लागणार नाही, त्याला गार व्हायला काही मिनिटं लागतात. घाबरून बटण चालू-बंद करत बसू नका, इग्निटरला त्याचं काम करू द्या.

उष्णतेचं गणित सरळ आहे. दिवा आणि चोक मिळून 450 वॉट घेतात आणि ते सगळे शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच राहतात, पानांवर पडलेला उजेडसुद्धा. तापमान बाहेरच्यापेक्षा पाच अंशांहून जास्त चढू द्यायचं नसेल तर तासाला साधारण 270 घनमीटर हवा बदलावी लागते. खोक्यावर याहून मोठा आकडा असलेला एक्झॉस्ट पंखा घ्या, कारण जाळी आणि नळी लावल्यावर प्रत्यक्षात हवा कमी जाते. पंखा छताजवळ बसवा, आणि दाराच्या खालच्या भागात जाळी लावून हवा आत यायला वाट द्या. जाळी असली की मांजरही बाहेर राहील. चोकची पेटी खोलीबाहेर काढलीत तर तिचे पन्नासेक वॉट तरी आतून कमी होतील, फक्त इग्निटर तीन तारांचा असेल तर तो दिव्याजवळच राहू द्या. दिव्याचे तास रात्री ठेवता आले तर आणखी सोपं, बाहेरची हवाही तेव्हा गार असते.

रोपवाटिका

रात्री दिवा ठेवायला झाडांची काही हरकत नाही, त्यांना सलग अंधार मिळाला की झालं. फक्त त्या अंधाराच्या तासांत खोली फार गारठू देऊ नका. टोमॅटोला रात्रीसुद्धा 16-18 अंश मिळाले तर तो खूश असतो. आणि कुंड्या आता पूर्वीपेक्षा लवकर सुकतील. वेळापत्रकाने पाणी घालू नका, कुंडी उचलून वजनावरून ठरवा. दिवा लागलेला असताना वरून पाणी शिंपडायचं नाही. एक थेंब तापलेल्या बल्बवर गेला तरी काच तडकू शकते.

मातीचे_हात

नवा बल्ब घातला, साखळीवर टांगला. जाणकाराला फेज मधल्या टोकाला का, ते विचारलं तर त्यांनी थांबून नीट समजावलं आणि म्हणाले, हे सहसा कुणी विचारत नाही. रिफ्लेक्टरचं अर्थिंग राहिलं होतं, ते माझ्यासमोर करून घेतलं. दिवा संध्याकाळी लागतो आणि सकाळपर्यंत एकदाही विझत नाही. शेंड्याशी मधोमध 31,000 लक्स, कोपऱ्यांत 17 ते 19 हजार, उंची 55 सेंटीमीटर. मिरचीच्या रोपांची नवी दोन पानं आधीच्या पानांपेक्षा जाड आहेत आणि दोन पेरांमधलं अंतर नखाएवढंच आहे. आडवं पडलेलं एक टोमॅटो मी देठाच्या निम्म्यापर्यंत मातीत पुरलंय, बघू या.

जुन्या बल्बचं काय करू? कचऱ्यात टाकवत नाही.

रोपवाटिका

टोमॅटो पुरलंत ते छान केलंत, मातीतल्या देठाला मुळं फुटतात. कोपऱ्यातल्या कुंड्या दर दोन-तीन दिवसांनी मध्ये आणा आणि मधल्या कुंड्या कोपऱ्यांत न्या, म्हणजे रोपं सारखी वाढतील. अजून आठवडाभर उंची आहे तीच राहू द्या.

दिवाबत्ती

वा, ताई! रिफ्लेक्टरचं अर्थिंग तुम्ही स्वतः पकडलंत हे वाचून फार बरं वाटलं. पंधरा-वीस दिवस दिवा चालला की एकदा प्लग काढून, सगळं गार झाल्यावर होल्डरचे आणि चोकचे स्क्रू जाणकाराकडून पुन्हा आवळून घ्या. तापण्या-गार होण्याने ते सुरुवातीला सैल होतात, आणि सैल जोड तापतो.

जुना बल्ब फोडू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. आतल्या नळीत पारा आहे, शिवाय सोडियम, आणि सोडियमला पाणी लागलं की तो पेट घेऊ शकतो. नव्या बल्बच्या खोक्यात तो नीट बसतो. त्यावर 'पारा आहे' असं लिहा आणि ट्यूबलाइट-सीएफएल जिथे घेतात त्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. तोवर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

नव्या बल्बच्या होल्डरजवळ मार्करने आजची तारीख लिहून ठेवा. बल्ब पेटत राहतो तरी उजेड हळूहळू उतरत जातो आणि डोळ्याला ते कळत नाही. 10,000 तासांच्या आसपास, म्हणजे रोज 16 तास धरले तर पावणेदोन वर्षांनी, तो बदलायचा. मधूनमधून त्याच जागी, त्याच उंचीवर लक्स मोजून वहीत टिपत राहा. 31,000 चे 25,000 झाले की बल्ब त्याआधीच बदलायची वेळ आली.